डिलाइट ट्रॅकवर न्यायची, तर आधी ड्रम उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांनी घेतलेली १९६८ ची फियाट ११०० डिलाइट निपाणीच्या घरी आहे. चालू आहे, दसऱ्याला पूजा होते, महिन्यातून दोनदा संकेश्वरपर्यंत फेरी होते. पुण्यातले तुमचे एक मित्र जुन्या इटालियन स्पोर्ट्स गाड्यांच्या मालकांना जमवून कोल्हापूरच्या ट्रॅकवर एक दिवस ठरवतायत. अल्फा रोमिओ, फियाट १२४ स्पायडर अशा गाड्या येणार आणि त्यांनी तुम्हालाही बोलावलंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: या गाड्यांत आपली डिलाइट शोभेल का, इंजिनाचं काय काय काम करून घ्यावं, आणि "गाडी मोडून आणशील" म्हणणाऱ्या वडिलांना काय सांगावं.

बेळगावात उद्यमबागेत मी बत्तीस वर्षं गॅरेज चालवतोय. त्यातली निम्मी वर्षं तरी फियाटवरच घर चाललं. गिऱ्हाइकांच्या गाड्या घेऊन कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर बऱ्याचदा गेलोय, कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर दोनदा. त्यावरून सांगतो, गाडी जरूर न्या. पण इंजिनाचं काम काढू नका. तुमच्या प्रश्नात कार्बोरेटर आला, हेड आलं, सायलेन्सर आला. ब्रेक हा शब्द एकदाही आला नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटली म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आधी शोभण्याचं बघू, कारण तो प्रश्न तुम्ही जरा दबकत विचारलाय. तुमच्या बॉनेटखालच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, चार सिलिंडर, १०८९ सीसी. हेच माप फियाटनं १९३७ साली ५०८ सी या गाडीत आणलं होतं. एन्झो फेरारी १९३९ साली अल्फा रोमिओतून बाहेर पडले तेव्हा चार वर्षं स्वतःच्या नावानं गाड्या काढायच्या नाहीत, अशी अट त्यांच्यावर होती. म्हणून त्यांनी वेगळ्या नावानं कारखाना थाटला आणि १९४० च्या मिल्ले मिलिया शर्यतीसाठी ८१५ नावाच्या दोन गाड्या बांधल्या. आठ सिलिंडर, दीड लिटर. ते इंजिन उभं राहिलं ते याच ५०८ सी च्या सुट्या भागांच्या आधारानं. त्यातली एक गाडी आल्बेर्तो आस्कारींनी चालवली, जे पुढे १९५२ आणि १९५३ मध्ये जगज्जेते झाले. दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत, पण फेरारींनी स्वतःच्या कारखान्यात बांधलेली पहिली गाडी तीच. युद्धानंतर आलेली चिसितालिया २०२ न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. तिच्यातही फियाट ११०० चंच इंजिन.

तुमची डिलाइट ज्या ११००-१०३ च्या वंशातली, ती १९५३ सालची, दांते जाकोसा या इंजिनिअरच्या हातची. आपल्याकडे जिला डुक्कर फियाट म्हणायचे ती हीच. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं ती कुर्ल्यात बांधली, १९६४ मध्ये तिची डिलाइट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. त्यामुळे अल्फावाल्यांच्या रांगेत ताठ मानेनं उभे राहा. ज्यांना या गाड्यांची खरी माहिती आहे ते सगळ्यात आधी तुमचंच बॉनेट उघडायला सांगतील, हे मी स्वतः पाहिलंय.

आता ब्रेक. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा म्हणजे ड्रम. त्याच्या आतले अर्धगोल शू, त्यांवर बसवलेला लायनर ड्रमला घासला की गाडी थांबते. रस्त्यावर आपण ब्रेक मारतो आणि पुढे बराच वेळ मारत नाही. तेवढ्यात ड्रमला वारा लागतो, तो थंड होतो. ट्रॅकवर तसं होत नाही. मोहिते ट्रॅक छोटा, वळणावळणांचा आहे, कार्टिंगच्या शर्यती तिथे होतात. सरळ पट्टा संपतो न संपतो तोच वळण. तुमची गाडी माणसासकट साधारण नऊशे-साडेनऊशे किलो धरा. ती ताशी ९० वरून ४० वर आणली की जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात सहाशे-सातशे मिली थंड पाण्याला उकळी येईल. म्हणजे घरातल्या पाच-सहा जणांच्या चहाचं आधण. हे आधण तुम्ही प्रत्येक फेरीत दोन-तीनदा ठेवणार, सलग काही मिनिटं, आणि ती सगळी धग जाते चार ओतीव लोखंडाच्या ड्रममध्ये. अल्फा जूलियाला चारही चाकांना डिस्क असतात, म्हणजे दोन पॅडच्या चिमटीत धरायच्या तबकड्या. डिस्क उघड्यावर फिरते आणि तापून फुगली तर पॅडच्याच दिशेनं फुगते. ड्रमचं उलटं. तो तापला की मोठा होतो आणि शूपासून लांब जातो. शू तिथवर पोचायला पेडल जास्त खाली दाबावं लागतं. त्यात लायनरही तापल्यावर पहिल्यासारखा धरत नाही. पेडल घट्ट लागतंय, पाय पूर्ण जोरात आहे आणि गाडी थांबत नाही, असा तो अनुभव असतो. पहिल्यांदा आला की माणूस गडबडतो.

म्हणून चारही ड्रम उतरवा. मेकॅनिकवर सोपवून घरी जाऊ नका, शेजारी उभे राहा. आत काळी पूड साचलेली असेल, ती कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू देऊ नका. जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असतं आणि ते छातीत जातं. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. मग ड्रमच्या आतल्या अंगावरून बोट फिरवा. कड लागली, चरे लागले, कुठे निळसर डाग दिसले, तर ड्रम लेथवर जायला हवा. निळा डाग म्हणजे तिथलं लोखंड एकदा भयंकर तापलेलं आहे, तिथे ते कडक झालेलं असतं आणि ब्रेक थरथरतो. ड्रम गोल आहे की अंडाकृती, हे डोळ्यांना कळत नाही, डायल लावूनच बघावं लागतं. आपल्या उद्यमबागेत हे काम करणारे हात गल्लोगल्ली आहेत. हायड्रॉलिकचे सुटे भाग मायक्रॉनमध्ये घासून देणारे लोक इथले. तुमच्याकडे जमत नसेल तर ड्रम पोत्यात घालून इकडे आणा, एका दिवसात होतं. फक्त लेथवाल्याला सांगा की चरे जाईपर्यंतच कट घे, चकाचक करायच्या नादात जास्त काढू नको. ड्रमची भिंत जितकी पातळ तितका तो लवकर तापतो. भिंत फारच पातळ झाली असेल तर दुसरे ड्रम शोधा. मी एकदा नवे ओतून घ्यायचा विचार केला होता. फाउंड्र्या तर आपल्या दाराशीच आहेत. पण लाकडी पॅटर्न, त्यात लोखंड आकसतं त्याचं शेकडा एक माप वाढवून धरायचं, आणि एवढं करून चार नगांसाठी कोण भट्टी लावणार? दहा-बारा मालक एकत्र आले तर जमेल, आणि ते व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ड्रम कापून आला की त्याचा व्यास वाढलेला असतो. नव्या लायनरच्या शूची गोलाई मात्र जुनीच असते. इथेच बहुतेक गॅरेजं काम अर्धवट सोडतात. शाळेतला साधा पांढरा खडू घ्या. ड्रमच्या आतून खडू फासा, ड्रम चढवा, शू ॲडजस्ट करून हलका घासेल इतपत आणा आणि हातानं दोन-तीन फेरे फिरवा. मग उतरवून शू बघा. खडू शूच्या मधोमध एका पट्ट्यातच लागला असेल तर बाकीचा लायनर नुसता शोभेला आहे. दोन्ही टोकांना लागला असेल तर त्याहून वाईट, कारण तो शू अडकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. ज्या जागी खडू लागला तिथे पॉलिश पेपरनं घासायचं, पुन्हा फासायचं, पुन्हा बघायचं. टोकापासून टोकापर्यंत पांढरं लागेस्तोवर. चार चाकांना माझा एक अख्खा दिवस जातो. गिऱ्हाइकाला वाटतं मजुरी जास्त लावली. पण त्या एका दिवसानं जेवढा ब्रेक वाढतो तेवढा हजारोंच्या बाहेरच्या सामानानं वाढत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची, आणि ही मी स्वतःच्या अंगावर घेतलेली आहे. कोईमतूरला पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी स्वतःची फियाट घेऊन गेलो होतो. साडेआठशे किलोमीटर चालवत नेली, कुठे काही कुरबूर नाही. लायनर नवे, ड्रम नवे. ब्रेक ऑइल मात्र तीन वर्षांचं होतं. बघितलं तर पातळी बरोबर होती, म्हणून तसंच ठेवलं. पाचव्या फेरीत लांब पट्ट्याच्या शेवटी पाय ठेवला आणि पेडल सरळ जमिनीला. काहीच लागलं नाही. पंप केलं, थोडं आलं, पुन्हा गेलं. दुसरा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या मातीत गेली आणि टायरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. उतरलो तेव्हा पाय कापत होते. तासाभरानं ऑइल थंड झालं आणि पेडल जसंच्या तसं घट्ट. काही झालंच नव्हतं अशा थाटात.

झालं होतं ते असं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. बेळगावचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात. डॉट ३ या दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी प्यायलं की १४० लाच उकळतं. डॉट ४ नवं २३०, पाणी प्यायलेलं १५५. उकळलं की पाइपात वाफेचे फुगे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं. तर जायच्या आधल्या आठवड्यात, सील न फोडलेल्या डब्यातलं डॉट ४ घ्या आणि सगळं जुनं ऑइल बाहेर काढा. मास्टर सिलिंडरपासून (पेडलनं दाबला जातो तो मुख्य पंप) सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढायला सुरुवात करा, निप्पलमधून स्वच्छ ऑइल येईपर्यंत. डब्यात उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका, ते वेगळ्या जातीचं आहे.

तुमच्या गाडीत ब्रेकची लाइन एकच आहे. आजच्या गाड्यांसारख्या दोन वेगळ्या नाहीत. एक व्हील सिलिंडर (चाकातला, शू ढकलणारा) गळाला तर चारही चाकांचा ब्रेक गेला. त्यामुळे सगळ्या व्हील सिलिंडरची रबरं, मास्टर सिलिंडरचं किट आणि सगळे रबरी पाइप नवे टाका. नवे म्हणजे खरोखर नवे. एका दुकानातून मी घेतलेली रबरं पाकिटात चांगली दिसत होती, महिन्याभरात फुगून बसली. तेव्हापासून घेताना रबर दोन बोटांत दुमडून बघतो. भेगेची बारीक रेघ दिसली तरी परत देतो.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तुमच्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीत नक्षी शाबूत असते आणि रबर वाळून लाकूड झालेलं असतं. सात-आठ वर्षांच्या पुढचे असतील तर नवे घ्या, मग नक्षी कितीही असो. हवा घरून निघताना नेहमीपेक्षा दोन-तीन पौंड जास्त भरा आणि फेऱ्यांच्या प्रत्येक टप्प्यानंतर मोजा. फियाटला चाकाला नट नसतात, बोल्ट असतात. पहिल्या टप्प्यानंतर ते पुन्हा आवळून बघायचेच. किंगपिनला ग्रीस, टाय रॉडच्या टोकांना खेळ नाही ना, पुढच्या चाकांचे बेअरिंग, हे तुमचा मेकॅनिक करेलच. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगचे) यू-बोल्ट मात्र विसरले जातात, ते सांगून आवळून घ्या.

पेट्रोलबद्दल एक मुद्दा. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. आपल्याच चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या उसापासून ते होतं याचा अभिमान ठेवा, पण १९६८ च्या रबराला ते सोसत नाही. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा रबरी पाइप इथेनॉल चालणाऱ्या जातीचा घाला. पाइप फुटून पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं तर काय होईल ते वेगळं लिहीत नाही. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि इंजिन जास्त तापतं. प्लग काढून बघा. पांढरे पडले असतील तर कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा करा. इंजिनाला एवढंच. रेडिएटरचं रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई), नवा फॅन बेल्ट, नवं इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत. खालच्या खुणेवर असेल तर लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं, पंपाला हवा मिळते आणि बेअरिंग जातात. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं, डबल कार्बोरेटर हे सगळं मित्र सुचवतील. त्याला नाही म्हणा. आणखी पाच घोडे वाढवून तुम्ही ब्रेकवरचा भारच वाढवणार.

कागदांचं लवकर उरकतो. तुमच्या विम्याच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर काही झालं तर विमा कंपनी पैसे देणार नाही, हे धरूनच आत जा. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलात शिरलं की राज्य बदललं, त्यामुळे केए २३ ची गाडी घेऊन जाताना आरसी, विमा, पीयूसी मूळ प्रती जवळ ठेवा.

गाडीला सीट बेल्ट नसतील तर बसवून घ्या. नुसत्या पत्र्याला भोक पाडून नव्हे, पत्र्याच्या मागे जाड लोखंडी पट्टी देऊन. हेल्मेट चांगलं, कपडे सुती, बूट पातळ तळव्याचे. स्टेपनी, जॅक, पान्यांची पिशवी, सीटखालची पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं बाहेर काढून ठेवा. देवाला काढायचं म्हणून मन कचरेल, पण तो ब्रेक पेडलखाली येऊन अडकला तर त्यालाही ते आवडणार नाही. बॅटरीला नीट क्लॅम्प हवा.

आता चालवण्याचं. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तिथे कुणी वेळ मोजत नाही, नंबर लागत नाही. पुढे जायचं ते ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यावरच, आणि तेही पुढच्यानं हातानं बाजू दाखवल्यावर. अल्फा तुमच्या आरशात झपाट्यानं मोठी होईल. १५७० सीसी, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, पाच गिअर. तिला सरळ पट्ट्यावर हात दाखवा, ॲक्सिलरेटर थोडा सोडा, जाऊ द्या. पिवळा झेंडा म्हणजे पुढे काहीतरी घडलंय, वेग कमी, कुणाला ओलांडायचं नाही. लाल म्हणजे सगळ्यांनी सावकाश आत यायचं. सकाळी समजावून सांगतात तेव्हा चहाच्या टपरीवर नसा.

पहिल्या दोन फेऱ्या टायर आणि ऑइल तापवण्यासाठी. मग चार-पाच फेऱ्या मनासारख्या, आणि शेवटची पूर्ण फेरी ब्रेकला जवळजवळ हात न लावता, ड्रमला वारा देत. एका वेळी इतकंच. बाकीचे वीस मिनिटं फिरतील, तुम्ही दहाव्या मिनिटाला आत या. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून गप्पा मारत बसू नका. तापलेल्या ड्रमला शू चिकटून राहिला तर तो ड्रम वाकडाच थंड होतो.

ब्रेक सरळ असतानाच संपवायचा. हे वाक्य मी प्रत्येक मुलाला सांगतो आणि प्रत्येक जण पहिल्या फेरीत विसरतो. तुमच्या गाडीचा मागचा ॲक्सल एकसंध आहे, पाट्यांवर बसलेला. वळणात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं शेपूट बाहेर निघतं. म्हणून पट्टा संपायच्या आधी ब्रेक, सोडला, मग स्टिअरिंग. वळणाच्या आतल्या कडेला गाडी पोचली की हळूहळू ॲक्सिलरेटर आणि स्टिअरिंग उलगडत बाहेर. गाडी कलेल, तुम्हाला वाटेल आता उलटते. उलटत नाही, ती तशीच आहे. स्टिअरिंगवरचा गिअर लिव्हर घाईत ओढला तर रागावतो, त्याला एक श्वासभर वेळ द्या. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर सहज जुळवणारी योजना) नाही, चालत्या गाडीत त्याच्या वाटेला जाऊच नका. दुसरा आणि तिसरा एवढ्यावर कोल्हापूरचा सगळा ट्रॅक होतो. आणि जेव्हा एखादं वळण बरोबर जमेल, ब्रेक, गिअर, वळण, पुन्हा जोर, सगळं एकामागोमाग एक, तेव्हा चाळीस घोड्यांची ती गाडी काय आहे ते पहिल्यांदा कळेल. तीस वर्षं ती चालवणाऱ्यालाही रस्त्यावर ते कळत नाही.

तुमच्या मित्रांपैकी ज्यांच्याकडे १२४ स्पायडर आहे त्यांना माझा एक निरोप द्या. १९६६ च्या त्या गाडीचं आउरेलिओ लाम्प्रेदींनी केलेलं ट्विन-कॅम इंजिन अप्रतिम आहे, पण त्याचे कॅमशाफ्ट फिरवायला दातेरी पट्टा आहे. तो पट्टा किलोमीटरवर नाही, वयावर बदलायचा. वर्षातून पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो जागच्या जागी वाळतो आणि ट्रॅकवर तुटला की सगळं वरचं काम गेलं. अल्फाला साखळी असते, त्यांना ती चिंता नाही.

वडिलांचं राहिलं. त्यांची भीती खोटी नाही. त्यांच्या वडिलांची गाडी आहे, आणि अशी दुसरी आता मिळणार नाही. त्यांना समजावत बसण्यापेक्षा ड्रम उघडाल त्या दिवशी बरोबर घेऊन या. खडूचं काम त्यांच्या हातानं करू द्या. माझ्याकडे एका मुलाचे वडील असेच रागानं आले होते, दुपारी शर्टाच्या बाह्या वर करून स्वतः शू घासत बसले. कोल्हापूरलाही न्या. फेऱ्यांच्या मध्ये पाण्याचं तापमान, टायरची हवा, ड्रमची धग वहीत लिहायला एक माणूस लागतोच. ड्रमला हात लावायचा नाही, चाकाच्या भोकाजवळ हाताचा पंजा उघडा धरायचा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त तापतातच, पण डाव्या-उजव्या चाकांची धग साधारण सारखी हवी. एखादं जोडीच्या चाकापेक्षा फारच गरम किंवा थंड लागलं तर त्या दिवसाचं ट्रॅकवर जाणं तिथेच थांबवायचं, आणि हा निर्णय वडिलांकडे द्या. तुमच्या अंगात तेव्हा वारं शिरलेलं असेल.

तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधली धरा, सकाळच्या गारव्यात रेडिएटरला आराम असतो. पण तोच ऊसतोडणीचा हंगाम. परतताना हायवेवर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात आणि डिलाइटच्या हेडलाइटला त्या फार उशिरा दिसतात. कोल्हापूर ते निपाणी चाळीसेक किलोमीटर आहे, दिवस मावळायच्या आत घरी या. मिसळ खायची तर सकाळीच खा.

दुसऱ्या दिवशी, गाडी पूर्ण थंड झाल्यावर, हेडचे बोल्ट आणि टॅपेट तपासा, ब्रेक ऑइलचा रंग बघा. काळपट झालं असेल तर पुन्हा बदला, पैशाकडे बघू नका. मग पुढचा एक ड्रम उघडा आणि शूचा फोटो मला पाठवा, दिवसाच्या उजेडात काढलेला. लायनर सगळीकडून सारखा करडा असेल तर पुढच्या खेपेला दोन फेऱ्या वाढवायला हरकत नाही. चकाकी आली असेल, काचेसारखी, तर जपून पॉलिश पेपर मारून ती चकाकी काढायची आणि फेऱ्या तेवढ्याच ठेवायच्या.